रशियात एमबीबीएस, पुढं अमेरिका: नाशिकच्या मुलांनी आणि पालकांनी काय करावं

आधी वर्षांचा हिशेब मांडा. बारावीनंतर रशियात सहा वर्षं. पदवी हातात आल्यावर अमेरिकेच्या परीक्षा आणि अर्ज यात दीड-दोन वर्षं जातात, हुशार मुलाचीही. मग रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलात पगारावर काम करत घ्यायचं विशेष प्रशिक्षण: इंटर्नल मेडिसिन, फॅमिली मेडिसिन, बालरोग यांना तीन वर्षं, सायकियाट्री आणि न्यूरोलॉजीला चार, जनरल सर्जरीला पाच. अठराव्या वर्षी घरातून निघालेलं पोर स्वतंत्रपणे पेशंट बघायला लागतं तेव्हा तिशीला टेकलेलं असतं. हे ऐकून ज्यांच्या पोटात गोळा येतो त्यांनी इथंच थांबावं. भारतात राहून डॉक्टर होणं काही कमी दर्जाचं नाही.

मी नाशिकरोडची. रशियातल्या कझानला शिकले, आता ब्रुकलिनमधल्या एका हॉस्पिटलात इंटर्नल मेडिसिन करते. सुट्टीत घरी आले की आईच्या ओळखीतलं कुणी ना कुणी मुलाला घेऊन येतंच. पिंपळगावचे एक बागायतदार काका तर द्राक्षांचा हंगाम बघून फीचा हप्ता ठरवणारे. त्यांना तोंडी सांगितलेलं सगळं इथं एकत्र लिहिते आहे.

आमच्या हॉस्पिटलात एक सीनियर मॅडम आहेत. लेनिनग्राडला डॉक्टर झाल्या, तिथं हृदयरोगाच्या वॉर्डात कामाला होत्या. १९९० मध्ये नवरा, मुलगी आणि सासू यांना घेऊन न्यूयॉर्कला उतरल्या. सोव्हिएत संघातल्या ज्यूंना त्या काळी अमेरिका निर्वासित म्हणून घेत होती; १९८९ च्या लॉटेनबर्ग दुरुस्तीमुळे ते आणखी सोपं झालं होतं. पण देशात घेतलं म्हणजे डॉक्टर म्हणून घेतलं असं नव्हे. मॅडमनी पहिलं काम केलं ते ब्राइटन बीचवरच्या एका आजीबाईंना आंघोळ घालायचं आणि त्यांचं जेवणखाण बघायचं. मग रक्त काढायच्या कामाला लागल्या. संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग, रात्री अभ्यास. परदेशी डॉक्टरांसाठी तेव्हा एफएमजीईएमएस नावाची परीक्षा होती, १९८४ पासून चालत आलेली. ती जाऊन पुढं यूएसएमएलई आली, म्हणजे आजची अमेरिकी डॉक्टरी परवान्याची परीक्षा. चाळिशीच्या उंबरठ्यावर त्या पुन्हा इंटर्न झाल्या, स्वतःच्या विद्यार्थ्यांच्या वयाच्या मुलांबरोबर नाइट ड्यूट्या केल्या. त्यांचा तिथला अनुभव एका दिवसानंही मोजला गेला नाही.

हे मुद्दाम सांगते आहे. आपल्याकडं समज असा की रशियाची डिग्री दुय्यम म्हणून अमेरिकेत त्रास होतो. तसं नाही. कॅनडासारखा अपवाद सोडला तर कुठल्याही देशात शिकलेला डॉक्टर तिथं पुन्हा रेसिडेन्सी करतो, मग तो लंडनचा असो, लेनिनग्राडचा असो की आपल्या जे. जे. चा. रेसिडेन्सी टाळून तात्पुरता परवाना द्यायचा कायदा टेनेसी राज्यानं २०२३ मध्ये केला आणि मागोमाग आणखी काही राज्यांनी. पण तो बाहेर रेसिडेन्सी करून प्रॅक्टिस केलेल्यांसाठी आहे. ताज्या पदवीधरानं त्याच्या भरवशावर राहू नये.

निघण्याआधी

‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा पास व्हाच. अमेरिकेला नीटशी देणंघेणं नाही आणि कॉलेज रोडवरचा एखादा सल्लागार तेवढंच धरून बसेल. पण उद्या व्हिसा नाकारला, घरी कुणी आजारी पडलं, लग्न ठरलं, तर परत यावं लागतं. तेव्हा भारतातला परवाना मिळण्याची सोय असलीच पाहिजे. एनएमसीचे, म्हणजे राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे, नोव्हेंबर २०२१ चे नियम लक्षपूर्वक वाचा: किमान ५४ महिन्यांचा कोर्स, शिक्षण इंग्रजीतून, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, शिवाय त्या देशाच्या नागरिकाप्रमाणे तिथं प्रॅक्टिस करण्याचा परवाना मिळण्याची पात्रता. त्यानंतर भारतात परदेशी पदवीधरांसाठीची एफएमजीई ही परीक्षा, ३०० प्रश्नांपैकी १५० बरोबर, आणि वर भारतात आणखी एक वर्षाची इंटर्नशिप. रशियात पूर्वीची एक वर्षाची ‘इंटर्नातुरा’ बंद झाली आहे. म्हणून त्या १२ महिन्यांचं काय, ते लेखी कसं मिळणार, हा प्रश्न फी भरण्याआधी विद्यापीठाला मेलवर विचारा. ‘होऊन जाईल हो’ हे उत्तर धरू नका.

दुसरं, वर्ल्ड डिरेक्टरी ऑफ मेडिकल स्कूल्स ही यादी इंटरनेटवर फुकट बघता येते. तुमच्या कॉलेजचं पान उघडा आणि त्यावर ईसीएफएमजीची नोंद आहे का, ती कुठल्या वर्षांच्या पदवीधरांना लागू आहे, हे बघा. ईसीएफएमजी म्हणजे परदेशी पदवीधरांना प्रमाणित करणारी अमेरिकी संस्था, १९५६ पासूनची. तिची नोंद नसेल तर पुढचं काहीच वाचायची गरज नाही.

आणि हो, आरोग्य विद्यापीठ आपल्या नाशिकमध्येच, म्हसरूळला आहे म्हणून तिथं कागद घेऊन जाणारे पालक मी पाहिलेत. ते महाराष्ट्रातल्या कॉलेजांचं विद्यापीठ. रशियाच्या गुणपत्रिकेवर ते सही-शिक्का देणार नाही.

नावाचं प्रकरण

माझ्या मते सगळ्यात जास्त मुलं इथं अडकतात, अभ्यासात नव्हे.

आपल्या दहावीच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्या. रशियात पोचल्यावर पासपोर्टचं नोटरी भाषांतर होतं आणि नाव रशियन लिपीत जातं. तिथं ‘ह’ साठी अक्षर नाही, ‘ख’ च्या जवळचं वापरतात; ‘ज’ दोन अक्षरं जोडून लिहितात. सहा वर्षांनी पदवीचं इंग्रजी भाषांतर करायला दिलं की भाषांतरकार त्या रशियन अक्षरांवरून परत रोमन स्पेलिंग बनवतो. मग जाधवचा होतो ‘द्झाद्खाव’, हर्षदाची ‘खार्शदा’, वाघचा ‘वाग्ख’. वडिलांचं नाव रशियन रिवाजाप्रमाणे पितृनामाच्या जागी जातं, नाहीतर गळून पडतं. माझ्या बॅचमधल्या एकाच्या तीन कागदांवर तीन माणसं होती.

ईसीएफएमजीला तुमच्या खात्यातलं नाव चालू पासपोर्टशी जुळलेलं लागतं, आणि पदवीवर वेगळं असेल तर ते तुमचंच आहे हे कागदानं सिद्ध करावं लागतं. परीक्षेच्या दिवशी केंद्रावरही ओळखपत्र आणि परवानगीपत्र यांतलं नाव पडताळतात.

तर करायचं असं. नाशिकहून निघण्याआधी पासपोर्ट दहावीच्या सर्टिफिकेटशी ताडून बघा आणि काही दुरुस्ती असेल तर तेव्हाच करून घ्या, नंतर सगळं महाग पडतं. रशियात पहिलं भाषांतर होताना समोर बसा. नाव रशियन अक्षरांत कसं लिहिलंय ते फोटो काढून ठेवा आणि सहाही वर्षं प्रत्येक कागदावर तेच राहील असं बघा. परत इंग्रजी करताना भाषांतरकाराला पासपोर्टची झेरॉक्स द्या आणि सांगा, स्पेलिंग यावरून उचल. ते ऐकतात, फक्त सांगावं लागतं.

डिप्लोमावर ‘एमबीबीएस’ लिहिलेलं नसतं हेही आधीच माहीत असू द्या. तिथं ‘लेचेब्नोये देलो’ म्हणजे जनरल मेडिसिन हा विषय आणि ‘व्राच’ म्हणजे डॉक्टर अशी पात्रता लिहितात. ईसीएफएमजीला ते ठाऊक आहे. घाबरून कुणाकडून ‘एमबीबीएस’ लिहिलेला वेगळा कागद बनवून घेऊ नका.

डीनच्या ऑफिसला तिथं ‘देकानात’ म्हणतात आणि तिथल्या खिडकीवर ‘स्प्राव्का’, म्हणजे दाखला, मागायची सवय लावून घ्या. ज्या बाई दाखले देतात त्यांच्याशी संबंध चांगले ठेवा. पदवीनंतर ईसीएफएमजी तुमचे कागद थेट विद्यापीठाकडून पडताळून घेते. तो मेल कुणाच्या टेबलावर पडतो आणि किती दिवस पडून राहतो, यावर तुमचं एक वर्ष ठरू शकतं.

तिथं काय शिकायचं

पहिल्या वर्षी लॅटिन असतं, रशियाचा इतिहास असतो, आणि मुलं कपाळाला हात लावतात. लॅटिन पटकन उरकेल, पुढं शरीररचनेत कामाला येईल. रशियन भाषा मात्र मन लावून शिका. वर्ग इंग्रजीतून झाले तरी वॉर्डातला पेशंट रशियनच बोलणार. ज्यांना बोलता येत नाही ते भिंतीला टेकून उभे राहतात आणि सहा वर्षांत एकाही पेशंटला धड प्रश्न विचारत नाहीत. ज्यांना येतं त्यांच्याकडून ‘इस्तोरिया बोलेझ्नी’ लिहून घेतात, म्हणजे एका पेशंटचा अथपासून इतिपर्यंतचा वृत्तांत, पानंच्या पानं. त्या वेळी वैताग येतो. छातीवर बोटांनी ठोकून फुप्फुसाची सीमा ठरवणं, यकृत हातानं चाचपून मोजणं यावर जुने प्राध्यापक जीव टाकतात. अमेरिकेत स्कॅन हाताशी असल्यानं ही सवय सुटलेली. ती असणारा रेसिडेंट लगेच ओळखू येतो.

तिथं पुरेसं मिळत नाही ते असं: बायोस्टॅटिस्टिक्स, मल्टिपल चॉइस प्रश्न सोडवायचा सराव, आणि पेशंटशी कसं बोलायचं याचं शिक्षण. यातलं तिसरं जास्त अवघड. जुन्या सोव्हिएत पद्धतीत कॅन्सर झाल्याचं पेशंटला सांगत नसत, घरच्यांना सांगत. आपल्याकडंही सिव्हिलपासून खासगीपर्यंत नातेवाईक बाहेर गाठून म्हणतातच, ‘डॉक्टर, बाबांना काही बोलू नका.’ म्हणजे नाशिक आणि रशिया या दोन्हीकडून आपण एकच सवय घेऊन जातो. अमेरिकेत पेशंट शुद्धीवर आणि समजत्या मनाचा असेल तर माहिती त्याची, निर्णय त्याचा. मुलगा कितीही हात जोडो. परीक्षेत यावर प्रश्न येतातच. आपल्या मनाला जे माणुसकीचं वाटतं तो पर्याय बहुतेक वेळा चुकीचा असतो.

परीक्षा

यूएसएमएलईची स्टेप १ म्हणजे मूलभूत विषय. २६ जानेवारी २०२२ पासून तिचे गुण कळवत नाहीत, फक्त पास की नापास. यामुळं काही मुलं ती हलक्यात घेतात, पण नापास झाल्याची नोंद कायम राहते आणि रेसिडेन्सीसाठी उमेदवार निवडणाऱ्यांच्या नजरेत पहिली तीच भरते. कोर्सची दोन वर्षं झाली की अर्ज करता येतो. मी म्हणेन तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत नाशिकला या आणि मुंबईत परीक्षा द्या. रशियातून द्यायचा नाद सोडा. व्हिसा आणि मास्टरकार्ड मार्च २०२२ मध्ये तिथून बाहेर पडले. रशियन बँकेच्या कार्डावरून परदेशी फी जात नाही. फी भारतातल्या खात्यातून, घरच्यांच्या कार्डावरून भरा. प्रत्येक स्टेपचे हजार डॉलरच्या वर जातात. आणि परीक्षेच्या सकाळी पंचवटी एक्सप्रेसनं जाऊ म्हणू नका. आदल्या दिवशी मुंबईत मुक्काम करा. सात-आठ तास स्क्रीनपुढं बसायचं असतं.

स्टेप २ सीके हे क्लिनिकल. तिचे गुण मिळतात, म्हणून आता सगळा भार तिच्यावर. पास होणं पुरत नाही, चांगले गुण लागतात. पेशंटसमोर घेतली जाणारी स्टेप २ सीएस २०२१ मध्ये कायमची बंद झाली. तिच्याऐवजी ईसीएफएमजीनं ‘पाथवे’ नावाचे मार्ग ठेवलेत. कुणाला स्वतंत्र प्रॅक्टिसचा परवाना दाखवून जाता येतं, कुणाला परवानाधारक डॉक्टरांसमोर पेशंट तपासून त्यांच्याकडून मूल्यमापन घ्यावं लागतं. तुम्हाला कुठला लागू, हे दर वर्षी त्यांच्या संकेतस्थळावर बघा. मागच्या बॅचच्या दादाचं ऐकून अर्ज करू नका. सोबत ओईटी ही इंग्रजीची परीक्षा. ऐकणं, वाचणं, बोलणं यात ३५० आणि लिहिण्यात ३०० गुण लागतात. मराठी माध्यमातून आलेल्यांनीही घाबरू नये; त्यात डिस्चार्जची चिठ्ठी लिहायची असते, निबंध नाही.

कुठलीही स्टेप चारपेक्षा जास्त वेळा देता येत नाही. सर्टिफिकेटसाठी लागणाऱ्या परीक्षा सात वर्षांच्या आत संपवाव्या लागतात.

अर्ज आणि मॅच

जागा कशा भरतात हे पालकांना समजावणं सगळ्यात कठीण, कारण इथं मेरिट लिस्ट नाही. सप्टेंबरमध्ये ईआरएएस या पोर्टलवरून अर्ज जातात. ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत मुलाखती, आता बऱ्याचशा झूमवर, म्हणजे नाशिकला रात्री. मग तुम्ही हॉस्पिटलांची पसंती लावता, हॉस्पिटलं उमेदवारांची, आणि कॉम्प्युटर दोन्ही याद्या जुळवतो. ही ‘मॅच’ पद्धत १९५२ पासून चालू आहे. मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी कळतं कुठं जायचं; जागा मिळाली की नाही हे त्याच आठवड्याच्या सोमवारी.

२०२५ मध्ये अमेरिकेचे नागरिक नसलेल्या परदेशी पदवीधरांपैकी साधारण ५८ टक्क्यांना जागा मिळाली. म्हणजे दहातले चार रिकाम्या हातानं परतले, आणि ते सगळे परीक्षा पास झालेले होते. हा आकडा फ्रिजवर चिकटवा. शाखा निवडताना मनाशी भांडू नका: इंटर्नल मेडिसिन, फॅमिली मेडिसिन, बालरोग, सायकियाट्री, न्यूरोलॉजी, पॅथॉलॉजी इथं आपल्याला वाव आहे. त्वचारोग आणि ऑर्थोपेडिक्स यांच्या नादी लागू नका, तिथं अमेरिकेत शिकलेल्यांचीच झुंबड असते.

पदवीला किती वर्षं झाली हेही बघतात. पाच वर्षांवर गेलं की बऱ्याच ठिकाणी अर्ज उघडतही नाहीत. म्हणून ‘आधी दोन वर्षं इथं अनुभव घेऊ, मग बघू’ हा आपल्याकडचा शहाणपणा इथं उलटा पडतो. रिकामा वेळ राहिलाच तर तो कामानं भरा; भारतातली इंटर्नशिप, एखाद्या हॉस्पिटलात आरएमओ म्हणजे निवासी डॉक्टर, काहीही, पण लेखी पुरावा असलेलं.

शिफारसपत्रं अमेरिकी डॉक्टरांची हवीत. त्यासाठी महिना-दोन महिने तिथं जाऊन निरीक्षक म्हणून उभं राहावं लागतं. याच्या जागा पैसे घेऊन विकणारेही आहेत, पण एखाद्या छोट्या क्लिनिकमधल्या डॉक्टरला साधा मेल टाकूनही जमतं. मला माझ्या मॅडम अशाच मिळाल्या. मेलमध्ये मी एकच वेगळी ओळ लिहिली होती, की मला वॉर्डातलं रशियन येतं.

त्या ओळीचं पुढं काय झालं ते सांगते. दक्षिण ब्रुकलिनमध्ये, ब्राइटन बीच आणि शीप्सहेड बे भागात, सोव्हिएत काळातून आलेले म्हातारे लोक राहतात. तीस-तीस वर्षं झाली, तरी इंग्रजी किराणा दुकानापुरतं. क्लिनिकमध्ये एक आजी यायच्या. हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी वॉरफेरिन हे रक्त पातळ करायचं औषध चालू, पण रक्त पातळ होण्याचं प्रमाण काही केल्या जागेवर येत नव्हतं. डोस वाढवला, पुन्हा वाढवला. गोळ्या रोज घेता का, तर घेते. दुसरं औषध? नाही. मी नुसतं विचारलं, ‘कॉर्वालोल घेता का?’ आजींनी पर्स उघडून छोटी तपकिरी बाटली टेबलावर ठेवली. बूच काढताच पेपरमिंटचा वास खोलीभर. ते औषध आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. घरोघरचे थेंब, रात्री छातीत धडधडलं की पाण्यातून पंधरा-वीस. त्यात फेनोबार्बिटाल हे गुंगीचं औषध असतं, आणि ते यकृताला वॉरफेरिन झपाट्यानं मोडायला लावतं. अमेरिकेत ते नियंत्रित औषध आहे, म्हणून तिथल्या डॉक्टरच्या डोक्यात हा प्रश्न येतच नाही. मला तो माहीत होता, कारण कझानच्या होस्टेलच्या वॉचमन बाईंच्या टेबलावर तीच बाटली असायची. ते थेंब एकदम तोडता येत नाहीत. मॅडमनी हळूहळू कमी करत नेले, प्रत्येक टप्प्याला रक्त तपासून, कारण आता वॉरफेरिनचा वाढवलेला डोस जास्त व्हायचा धोका.

मॅडमनी शिफारसपत्रात ही गोष्ट लिहिली. मुलाखतीत जवळजवळ प्रत्येकानं तीच विचारली.

तेव्हा रशियात शिकल्याचं लपवू नका. काही मुलं अर्जात विद्यापीठाचं नाव लाजत लिहितात. उलट जिथं रशियन बोलणारी वस्ती आहे तिथं अर्ज करा आणि भाषा येते हे ठळक लिहा. फक्त येत असेल तरच. बऱ्याच हॉस्पिटलांत पेशंटशी परभाषेत बोलण्याआधी तुमची चाचणी घेतात, नाहीतर दुभाषी बोलावावा लागतो.

रशियातून तिकडं गेलेल्या डॉक्टरांची ही वाट शंभर वर्षांहून जुनी आहे. फीबस लेव्हीन सेंट पीटर्सबर्गला डॉक्टर झाले, ज्यूंवरच्या अत्याचारांमुळं १८९० च्या दशकात कुटुंबासह न्यूयॉर्कला आले, तिथं दवाखाना चालवता चालवता कोलंबिया विद्यापीठात रसायनशास्त्र शिकले. १९०५ मध्ये रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये गेले. आरएनएमधली रायबोज ही साखर त्यांनी १९०९ मध्ये ओळखली, डीएनएमधली डीऑक्सिरायबोज १९२९ मध्ये. डीएनएच्या रचनेबद्दलचा त्यांचा अंदाज पुढं चुकीचा ठरला, ते सोडा. स्टेप १ च्या बायोकेमिस्ट्रीत त्यांचं नाव विचारत नाहीत, मी आपली आवड म्हणून सांगितलं.

व्हिसा

इथं मॅडमची वाट आणि तुमची वाट वेगळी होते. त्या निर्वासित म्हणून आल्या, वर्षभरानं कायम निवासाचा हक्क मिळाला, आणि रेसिडेन्सी करताना व्हिसाची चिंता नव्हती. तुम्हाला ती पहिल्या दिवसापासून.

बहुतेक जण जे-१ या प्रशिक्षणासाठीच्या व्हिसावर जातात. तो ईसीएफएमजीच्या प्रायोजकत्वानं मिळतो आणि त्यासाठी ‘स्टेटमेंट ऑफ नीड’ नावाचं पत्र लागतं. तुम्ही रशियात शिकलात तरी ते पत्र भारताचं, दिल्लीच्या आरोग्य मंत्रालयाचं. मॅच लागल्या लागल्या अर्ज करा. मार्च ते जून हा वेळ दिसतो तेवढा मोठा नाही. प्रतिज्ञापत्र, नोटरी हे सगळं नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळ कोर्टाच्या आवारात एका फेरीत उरकतं. व्हिसाची मुलाखत मुंबईत, बीकेसीला.

जे-१ ची अट अशी की शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परतायचं. ती माफ करून घ्यायची तर डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं नोकरी. त्यासाठीच्या कॉनराड योजनेत प्रत्येक राज्याला वर्षाला ३० जागा. म्हणजे न्यूयॉर्कला रेसिडेन्सी केलेली मुलगी पुढची तीन वर्षं एखाद्या मक्याच्या शेतांमधल्या गावात काढते. वाईट नाही, निफाड तालुक्यात वाढलेल्याला तर मुळीच नाही.

दुसरा पर्याय एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा. त्याला आधीच स्टेप ३, म्हणजे यूएसएमएलईची शेवटची परीक्षा, लागते, आणि सप्टेंबर २०२५ च्या आदेशानं देशाबाहेरच्या उमेदवारासाठीच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरचा भार घातला गेला. छोटी हॉस्पिटलं त्यामुळं हात आखडतात. या नियमांत सतत बदल होतात, तेव्हा ज्या वर्षी अर्ज कराल त्या वर्षीचं बघा.

ग्रीन कार्डाबद्दल एक गैरसमज फार आहे. रशियात शिकलो म्हणून रशियाच्या रांगेत, असं होत नाही. रांग जन्माच्या देशावरून लागते. नाशिकला जन्मलात तर भारताच्या रांगेत, आणि ती कित्येक वर्षांची आहे. माझ्याबरोबर रेसिडेन्सी केलेल्या मॉस्कोच्या मुलाचं कार्ड आलंसुद्धा.

पैसे

रेसिडेन्सीत पगार मिळतो, पहिल्या वर्षी साधारण ६५ ते ७० हजार डॉलर, न्यूयॉर्कसारख्या शहरात जास्त. रुपयांत गुणाकार करून सोयरिकीत सांगू नका. घरभाडं आणि कर यात मोठा वाटा जातो. कामाचे तास आठवड्याला ८० पर्यंत, चार आठवड्यांच्या सरासरीनं. शैक्षणिक कर्जाचा हप्ता पहिल्या वर्षी इथून जाईल असं गृहीत धरू नका. काकांना मी सांगितलं तेच इथं लिहिते: सहा वर्षांच्या फीशिवाय परीक्षा, अर्ज, अमेरिकेतली निरीक्षणाची वारी आणि एक अख्खं रिकामं वर्ष, एवढ्याची तजवीज वेगळी ठेवा. मळा गहाण ठेवून यातलं काही करू नका.

रेसिडेन्सी १ जुलैच्या सुमारास सुरू होते आणि त्याआधी जूनमध्येच हॉस्पिटलचं ओरिएंटेशन असतं. पहिला पगार यायला जुलै मध्य उजाडतो, पण घराचं डिपॉझिट आणि एका महिन्याचं भाडं आधीच द्यावं लागतं. तेवढे डॉलर सोबत ठेवा. मूळ डिप्लोमा, त्याचं भाषांतर, लसीकरणाची नोंद हे सगळं हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही. गोवर, गालगुंड, रुबेला आणि कांजिण्यांच्या अँटीबॉडीचा रिपोर्ट हॉस्पिटल मागतंच. तो नाशिकच्याच लॅबमधून करून घ्या, तिकडं तोच तपास महाग पडतो.